येथे रंग नको

प्रति,
मा. चौकशी अधिकारी,
उपकरणे व आस्थापना शाखा,
मध्यवर्ती रुग्णालय.

विषय : औषधपंप बंद पडल्याचा दोष परिचारिकेच्या सेवापुस्तकातून काढून माझ्या नावे नोंदवण्याबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे पाच अर्ज व त्यांवर मिळालेली चार उत्तरे.

महोदय,

१. शिरेतून थेंबाथेंबाने औषध सोडणारे जे एकेचाळीस पंप आपल्या रुग्णालयात आहेत, त्यांची रचना मी केली आहे. लिफ्टच्या मोटारीपासून उशाजवळच्या मोबाइलपर्यंत कुठलाही विजेचा गोंगाट सोसेल असा पंप व्हावा म्हणून मी तीन वर्षे खपलो. आता निवृत्त आहे.

२. गेल्या जानेवारीत, हवा अगदी कोरडी असताना, अतिदक्षता विभागातील परिचारिकेने एका वृद्ध शिंप्याच्या अंगावरचे लोकरी पांघरूण बदलले आणि लगेच पंपाचे बटण दाबले. बोटातून ठिणगी गेली आणि पंप गोठला. पडद्यावर आकडा तसाच दिसत राहिला, पण रक्तदाब टिकवणारे औषध थांबले. धोक्याची घंटाही वाजली नाही, कारण ती वाजवणारा भागच गोठला होता. हे लक्षात येईपर्यंत पस्तीस मिनिटे गेली. शिंपी वाचले. त्यांच्या उजव्या हाताला मात्र आता सुई धरवत नाही.

३. चौकशीत परिचारिका म्हणाल्या, "बटण दाबलं तेव्हा चटका बसला. एवढंच मला माहीत आहे." समितीने 'चटका हे कारण होऊ शकत नाही' असा शेरा मारून निष्काळजीपणाची नोंद केली. बावीस वर्षे रुग्णांच्या उशाशी उभ्या राहिलेल्या बाई तेव्हापासून कपडेखान्यात चादरींच्या घड्या घालतात.

४. तो पंप तपासणीसाठी कंपनीत आला, तेव्हा मी स्वतः उघडला. पंपाच्या लोखंडी पेटीचे दोन भाग चार स्क्रूंनी जोडलेले आहेत. तिथे धातूला धातू टेकला, की ठिणगीची वीज पेटीच्या बाहेरूनच अर्थिंगच्या तारेने जमिनीत जाते, आतल्या सर्किटला तिचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी स्क्रूखालची जागा उघडी हवी. आराखड्यावर तिथे 'येथे रंग नको' हे तीन शब्द लिहायला मी विसरलो. रंगाऱ्याने इमानेइतबारे सगळीकडे रंग दिला. बाहेरची वाट अडली, म्हणून वीज आत शिरली. पंप चाचणीत उत्तीर्ण झाला होता, हे खरे. पण चाचणीला पाठवलेला नमुना बिनरंगाचा होता.

५. हे मी पहिल्या अर्जात लिहिले. 'अर्जदार रुग्णालयाचा कर्मचारी नसल्याने त्यास दोष देता येत नाही' असे उत्तर आले. दुसऱ्या अर्जावर 'ठिणगीचा पुरावा मूळ प्रतीत जोडावा' असे कळवण्यात आले. ठिणगीची मूळ प्रत कशी जोडावी, हे मला आजही उमगलेले नाही. तिसऱ्या अर्जानंतर आपण प्रात्यक्षिकाला बोलावलेत, पण भर जुलैत. दमट हवेत लोकर घासून घासून माझे हात दुखले, ठिणगी काही पडली नाही. तेव्हा मी सोबत आणलेल्या चाचणीच्या यंत्राने तेवढीच ठिणगी पंपावर सोडली. पंप सर्वांसमोर गोठला. इतिवृत्तात नोंद झाली : 'अर्जदाराने रुग्णालयाचा चालू पंप बंद पाडला, खुलासा मागवावा.' तोच खुलासा हा माझा चौथा अर्ज होता. 'खुलासा समाधानकारक' एवढेच त्यावर उत्तर आले.

६. सप्टेंबरात परिचारिका माझ्या घरी आल्या. चहा तसाच ठेवून म्हणाल्या, "साहेब, आता पुरे करा. चूक कबूल केली तर वॉर्डात परत घेतो म्हणतात. मी सही करून आले." मी म्हणालो, "पण चूक तुमची नव्हती." त्या म्हणाल्या, "ते तुम्हाला माहीत, मला माहीत. मला पेशंटजवळ जाऊ द्या."

७. त्या सहीचे दोन परिणाम झाले. दोष कबूल असलेल्या व्यक्तीस वॉर्डात नेमता येत नाही, म्हणून त्या कपडेखान्यातच राहिल्या. आणि चूक परिचारिकेचीच ठरल्याने पंप दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे कारण उरले नाही, असे कंपनीने मला कळवले. माझा पाचवा अर्ज याविषयी होता. त्याला उत्तर नाही.

८. म्हणून एक गोष्ट कबूल करतो. पंप पुसण्यासाठी कपडेखान्याशेजारच्या खोलीत येतात. नोव्हेंबरच्या दोन रविवारी मी तिथे बसून, विनापरवानगी, पॉलिशपेपरने तेवीस पंपांच्या स्क्रूखालचा रंग खरवडला. खोलीचे दार कोणी उघडले, ते आठवत नाही. टॉर्च कोणी धरला, तेही आठवत नाही. दुसऱ्या रविवारी रखवालदाराने मला बाहेर काढले. अठरा पंप राहिले.

९. तरी विनंती, की जानेवारीतल्या घटनेचा दोष माझ्या नावे लिहावा आणि उरलेले पंप खरवडू द्यावेत. एका पंपाला दहा मिनिटे लागतात. दोन्ही मान्य करणे शक्य नसेल, तर आधी पंपांचे पाहावे. त्या परिचारिकाबाईंचाही निरोप तोच आहे.

१०. थंडी सुरू झाली आहे. अतिदक्षता विभागात आता एक नवी मुलगी रुजू झाली आहे. चादरी न्यायला ती कपडेखान्यात येते, तेव्हा जुन्या सिस्टर तिला बजावतात, "आधी भिंतीवरच्या लोखंडी नळाला हात लाव, मग पंपाला." ती मुकाट्याने तसे करते. असे का करायचे, हे आपल्या रुग्णालयात अजून कुठेही लिहिलेले नाही.

या सहाव्या अर्जाच्या उत्तराच्या प्रतीक्षेत, आपला नम्र,
(सही)
औषधपंपाचा रचनाकार (निवृत्त)
दि. ९ डिसेंबर

सोबत : १. मूळ आराखड्याची प्रत. माझी चूक लाल शाईने दाखवली आहे.
२. उरलेल्या अठरा पंपांचे क्रमांक.