न्हाई म्हणायचा सराव

तीर्थस्वरूप कल्याणराव दाजींच्या पायाशी अंबडहून रामप्रसादचा शिरसाष्टांग नमस्कार. आपले गुडघे आता मंठ्याच्या घराचा जिना चढू देत असतील आणि अक्का आपल्याला गोड खाऊ देत नसेल, अशी आशा आहे. फोन न करता पत्र अशासाठी, की फोनवर आपण बोलू लागलात की मला मध्ये तोंड घालायची भीड वाटते, आणि ही बातमी मला शेवटपर्यंत सांगायची आहे. दाजी, मी बदललो.

आपल्याला ठाऊकच आहे, माझं घर कोर्टाच्या मागच्या गल्लीत. गावच्या कुणाची तारीख असली की आदल्या संध्याकाळी तो माझ्याकडं मुक्कामाला. त्यात आपले भुजंगराव आणि वसंता, सख्खे चुलतभाऊ, बांधावरच्या एका लिंबाच्या झाडापायी वर्षानुवर्षं भांडताहेत, आणि वादी-प्रतिवादी दोघंही उतरतात माझ्याकडंच. आपसात अबोला. ठेचा हवा असला तरी "मास्तर, त्याला म्हनावं वाटी सरकव" असं माझ्यामार्फत. (न्यायाधीश बदलले, वकील बदलले, मी मात्र दोघांच्या मध्ये जेवायला बसलेलाच आहे.) ते आले की आमची प्रियदर्शनी बैठकीतली पुस्तकं उचलून स्वयंपाकघरात जाते. तिचं बारावीचं वर्ष. मागच्या तारखेला ती पिठाच्या डब्यावर बसून, फोडणीच्या धुरात खोकत वाचत होती. बापाला नाही म्हणता येत नाही म्हणून लेकीची जागा गेली, दुसरं काय.

मग मी जालन्याला जाऊन आत्मविश्वासाचं शिबिर केलं. तिथल्या सरांनी सांगितलं, रोज आरशासमोर उभं राहून ठणकावून 'नाही' म्हणा. म्हटलं. (आरशातला माणूस इतका गरीब दिसायचा, की सुरुवातीला मीच त्याला "बरं, राहू द्या" म्हणायचो.) पुढं भाजीवालीवर प्रयोग केला. दुधी नको म्हणालो. ती म्हणाली, "बरं, मंग दोनच घ्या." दोन घेतले. घरी हिला तिसऱ्या भाकरीला मात्र ठाम नकार दिला. पण ती पुन्हा विचारील म्हणून वाट पाहिली आणि अर्धपोटी उठलो.

आणि गेल्या सोमवारी तो दिवस उगवला. संध्याकाळी भुजंगराव पिशवी घेऊन दारात. मी डोळे मिटले आणि एका दमात म्हणालो, नाही, आज जमणार नाही, पोरीची परीक्षा आहे. डोळे उघडले तर मागं वसंताही उभा. एकाच नकारात दोघं उरकले. दार लावलं, कडी घातली आणि तिथंच कान लावून उभा राहिलो. तेवढ्यात बाहेर भुजंगराव चक्क वसंताशी बोलले. "पाह्यलं का, मास्तर लई माजलाय." वसंता म्हणाला, "बराबर हाये दादा. चला, स्टँडवर पडू." माझ्या नावानं खडे फोडत दोघं एका चादरीवर झोपले आणि सकाळी कोर्टात तडजोड करून मोकळे. लिंबाची सावली आता दोघांची. भल्याभल्या वकिलांना जमलं नाही ते माझ्या एका शब्दानं झालं. गावभर मला माजोरी म्हणून राह्यले आहेत. जन्मात मला कुणी माजोरी म्हटलं नव्हतं, दाजी. नोकरी लागली तेव्हाही मी इतका हरखलो नव्हतो. आपणही हा सराव सुरू करा. अक्काला नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

आपला (आता खंबीर)
रामप्रसाद

ता. क. पत्र टाकायचं राहून गेलं, कारण भुजंगराव आणि वसंता पेढे घेऊन आले. पेढे घेऊन आलेल्याला दारातून परत कसं पाठवायचं, हे शिबिरात शिकवलं नव्हतं. आता तारीख नाही, त्यामुळं त्यांना जायची घाईही नाही. पूर्वी अबोल्यामुळं घरात निदान शांतता असायची. आता इतक्या वर्षांचं तुंबलेलं बोलून घेताहेत. प्रियदर्शनी पुन्हा पिठाच्या डब्यावर. तेव्हा परीक्षेपर्यंत तिला आपल्या वरच्या खोलीत ठेवून घ्याल का? खरं म्हणजे पत्र त्यासाठीच होतं. वर लिहायची भीड वाटली.

पुन्हा ता. क. प्रियदर्शनीनं वरचा मजकूर वाचला. आत्याकडं जाणार नाही म्हणाली. तशीच उठून बैठकीत गेली आणि म्हणाली, "काका, उद्या सकाळच्या गाडीनं निघा. मला वाचायचंय." दोघंही "बरं बाई" म्हणून निमूट पिशव्या भरायला लागले. तिनं डोळेसुद्धा मिटले नाहीत. शिबिर तर केलेलंच नाही. मी दाराआड उभा होतो. अभिमानानं ऊर भरून आला आणि थोडी लाजही वाटली. खोलीचं आता राहू द्या.

शेवटचं. आज सकाळी निघता निघता वसंता म्हणाला, "मास्तर, दोघांत मिळून बैलजोडी घ्यायची हाये, मंठ्याच्या बाजारात. आठ-पंधरा दिवस लागतील. तिकडं आपलं कुनी हाये का?" प्रियदर्शनी नेमकी शिकवणीला गेली होती. मी आपला पत्ता दिला, आणि हे पत्रही त्यांच्याच हाती देतोय. आपण हे वाचत असाल तेव्हा ते पिशव्या घेऊन समोर उभे असतील. डोळे मिटा आणि एका दमात म्हणून टाका. जमतं.