ऐतिहासिक पाणपोई

डोणगाव, मंगळवार

तीर्थरूप इंद्रभानमामांस, भाचा गोकुळ याचा दुरूनच नमस्कार (जवळ असतो तर पाय धरले असते की गचांडी, आत्ता सांगता येत नाही). तुमचा बीपी आणि मामीची कंबर ठीक असेल. इकडे माझं डोकं सोडून सर्व कुशल. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून हे पत्र बुलढाणा गाडीच्या कंडक्टरजवळ देतो आहे.

मामा, कॉलेज अर्ध्यात सोडलं तेव्हा तुम्हीच मला तुमच्या दैनिकाचा वार्ताहर केलं, ते उपकार मी विसरलो नाही. पण दोन वर्षांत गावानं मला ओळखलं ते एका शब्दावरून. नालीचं भूमिपूजन ऐतिहासिक, शाळेला मिळालेले चार पंखे ऐतिहासिक, सरपंचाचा वाढदिवस तर दरसाल ऐतिहासिक. (एकदा चुकून "चांगला कार्यक्रम" लिहिलं, तर मंडळाची पोरं घरी आली, "काऊन बे, आमच्यात काय कमी होतं?") पहिल्या पानावर मुंबईचा निर्णय ऐतिहासिक, शेवटच्या पानावर क्रिकेटचा विजय ऐतिहासिक, मग मधल्या पानावर आमच्या डोणगावनंच काय घोडं मारलं?

आता मुद्दा रेणुकाचा (मामीला सांगू नका). तिचे वडील भगवानराव, बियाण्यांचे दुकानदार. त्यांच्या मते मी तापट आणि बिनकामाचा. त्यांनी स्टँडवर पाणपोई बांधली, तेव्हा मी रेणुकाला छातीठोक सांगितलं, "तुह्या बाबाले असं ऐतिहासिक करतो, का ते मले नाही म्हनूच शकनार नाहीत." आठ ओळींत चारदा घातला शब्द. सकाळी पेपर उघडला तर चारही गायब. तुमचीच कात्री. बाकी काय छापलं ते मी रागात वाचलंही नाही. पेपरवाल्याचा अख्खा गठ्ठा उचलून आणला, पण एक प्रत आधीच भगवानरावांच्या दुकानात गेली होती. आता त्या रस्त्यानं जायची सोय नाही, आणि रेणुका फोन उचलत नाही.

तुमचा आज्ञाधारक (आजपुरता),
गोकुळ

ता. क. येत्या अंकात शुद्धिपत्र छापा: "पाणपोई असे छापले गेले, ते ऐतिहासिक पाणपोई असे वाचावे." एवढंच मागणं.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार तोच भगवानरावांनी दुकानात बोलावलं. बातमी लॅमिनेट करून गल्ल्यामागं टांगलेली. म्हणाले, "तुहं ऐतिहासिक तं कोणालेही भेटते. पण 'कै. रामराव यांच्या स्मरणार्थ' हे कोणं लिहिलं? माह्या बापाचं नाव जन्मात पेपरात आलं नव्हतं." मी म्हणालो, मीच. (तुम्ही ते मी पाठवलेल्या फोटोत दिसणाऱ्या पाणपोईच्या पाटीवरून घेतलं असणार. पाटी मी पाहिलीच नव्हती.) मागून रेणुका म्हणाली, "हा काय लिहिते बाबा, याच्या मामानं लिहिलं असन." तर ते म्हणाले, "मंग त्याइलेच घेऊन ये रविवारी. तुह्यासंग मी काय बोलू?"

शुद्धिपत्र नको. तुम्ही या. बोलणी तुम्हीच करा, मी तोंड उघडणार नाही.