मुलगी बाद झाल्यावर वाजवलेली टाळी

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (समोर असतीस तर खरोखरच घातला असता. साष्टांगात तोंड जमिनीकडे असतं, ते सध्या मला फार सोयीचं आहे.) भाऊजींचा गुडघा आता कसा आहे? जिना चढताना अजून कुरकुरतो का? गुडघ्याबद्दल विचारतोय, भाऊजींबद्दल नव्हे. तुझ्या चष्म्याची डावी काडी सैल झाली होती, ती आलो की घट्ट करून देईन, म्हणजे येऊ दिलंस तर. इकडे सगळं क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो.

पत्र लिहायचं कारण म्हणजे तुमच्याकडे फोन केला की मुंगी उचलते, बापाचा आवाज ऐकते आणि ठेवून देते. पंधरा दिवस झाले तिला बॅग घेऊन तुझ्याकडे येऊन. आल्या आल्या तिने तुला काय सांगितलं मला ठाऊक नाही, पण तिच्या तोंडून तू जे ऐकलं असशील त्याहून खरी हकिगत वाईट आहे, कारण तिला अर्धीच माहीत आहे. उरलेली मी सांगतो. पाणी पिऊन घे आणि मग वाच.

सात वर्षांपूर्वी आमच्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणारे जे गृहस्थ आहेत (तेच, जे स्वतः चष्मा लावत नाहीत आणि सगळीकडे धडकतात), त्यांनी मला फोनवरचा तो खेळ शिकवला. खेळ सोपा आहे. कुठलाही सामना असो, नाणेफेकीच्या आधी दोन्ही संघांतून आपले अकरा खेळाडू निवडायचे, थोडे पैसे भरायचे, आणि मग खरे खेळाडू उन्हात धावतात त्याचे गुण आपल्याला सावलीत मिळतात. एकाला कर्णधार करायचं, त्याचे गुण दुप्पट. मी ठरवलं, आपण उठवळासारखं खेळायचं नाही. शिस्तीत, थोडं थोडं, वर्षानुवर्षं. एक जाड वही केली. खेळपट्टी, वारा, कोण कोणाविरुद्ध ढेपाळतो, सगळं तीत. पहिल्याच पानावर लाल शाईने लिहिलं, ‘भावना बाजूला ठेवणे’, आणि खाली दोन रेघा मारल्या. हिने विचारलं, काय लिहिता एवढं? मी म्हटलं, अभ्यास. बावीस वर्षांच्या संसारात मी पहिल्यांदाच अभ्यास करतोय म्हणून बिचारीला कौतुक वाटलं, ती चहा आणून द्यायची. ताई, सात वर्षं मी तो चहा प्यायलो.

अभ्यासाचा परिणाम कामावर झाला नाही असं मी स्वतःला सांगत होतो. मग एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या चष्म्याच्या काचा बसवताना संघ जाहीर झाले, माझा एक डोळा फोनवर होता, आणि डावी काच उजवीकडे गेली, उजवी डावीकडे. ते आठवड्याने आले. तक्रार करायला नाही गं, विचारायला. म्हणाले, वय झालं की पायऱ्या अशाच हलायला लागतात का? मी काचा गुपचूप बदलून दिल्या आणि नव्या घासल्याचे पैसे घेतले नाहीत, तर त्यांनी माझ्या सचोटीबद्दल मालकांकडे शब्द टाकला. मला पगारवाढ मिळाली. ती कुठे गेली हे विचारू नकोस.

आता मुख्य शेण. मुंगी गेल्या वर्षी मुलींच्या लीगमध्ये सलामीला खेळायला लागली हे तुला माहीत आहेच, बॅट तूच घेऊन दिलीस. पण जगात कुठेही बावीस जण मैदानात उतरले की त्या ॲपवर त्यांची यादी लागते, हे तुला माहीत नसेल. मुंगीचीही लागली. बापाच्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं नाही सांगत. पहिले तीन सामने मी तिलाच कर्णधार केली. तिने चार, दोन आणि शून्य केल्या. चौथ्या सामन्याआधी मी वही उघडली, पहिलं पान वाचलं, आणि पोटच्या पोरीला संघातून काढलं.

इथवर मुंगीला कळलंय. कर्णधार कोणाला केलं हेही तिने नंतर फोनवर पाहिलं. ते का केलं, हे नाही. त्या सामन्याच्या आदल्या दिवशी ती माझ्यापाशी बसली होती, बुटांच्या नाड्या ओवत. सहज म्हणाली, बाबा, त्यांच्या त्या डावखुऱ्या फिरकीवाल्या मुलीचा आत येणारा चेंडू मला कळतच नाही, भीती वाटते. आईला सांगू नका, काळजी करेल. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. घाबरू नकोस म्हटलं. मग आत जाऊन त्या डावखुऱ्या मुलीला कर्णधार केलं.

ताई, लेकीने विश्वासाने सांगितलेली भीती मी वहीत टिपून घेतली, तारखेसकट.

सामन्याला मी आणि ही दोघंही गेलो होतो. पालकांसाठी वेगळ्या खुर्च्या होत्या, त्यात मी पहिल्या रांगेत, टोपी घालून. चौथ्या षटकात ती डावखुरी आली, चेंडू आत वळला, मुंगीच्या बॅट-पॅडच्या मधून गेला आणि त्रिफळा उडाला. आणि मी उभा राहिलो. नुसता उभा नाही, दोन्ही हात वर करून ‘व्वा!’ म्हणून ओरडलो आणि टाळ्या वाजवल्या. सगळ्या आया माझ्याकडे बघायला लागल्या. हिने माझा शर्ट धरून मला खाली ओढलं, पण तोवर मुंगीने हेल्मेट काढलेलं होतं. ती परत येताना वर बघत होती. बाद झाली की ती आधी माझ्याकडेच बघते, लहानपणापासूनची सवय आहे.

घरी आल्यावर तिने माझा फोन मागितला. मी दिला. बराच वेळ बघत होती. मग एवढंच म्हणाली, “किती मिळाले, बाबा?” आणि मी, अक्कल गहाण टाकलेला माणूस, हिशेब फोडून सांगायला लागलो, की विकेटचे पंचवीस, त्रिफळ्याचे वरचे आठ, कर्णधार म्हणून दुप्पट, एकूण सहासष्ट. ती “छान” म्हणाली आणि बॅग भरायला गेली. मी बाहेर नुसता उभा राहिलो. आडवं जायला तोंड कुठे होतं?

तेव्हापासून ही माझ्याशी कामापुरतंच बोलते, आणि कामं फारशी नाहीत. मी वही रद्दीत दिली, ॲप काढून टाकलं. पैसे किती गेले ते कधीतरी सांगेन, त्याची लाज वाटतेच, पण ती वेगळी, लहान लाज आहे. मुंगीने यावं एवढीच इच्छा. शिव्या दिल्या तरी चालेल, पण इथे येऊन द्याव्यात. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
लाजेने अर्धा झालेला भाऊ

ता.क. हे पत्र तिला वाचून दाखवू नकोस. विशेषतः नाड्यांचा भाग.

ता.क. २. नको, दाखव. कळू दे तिला. पुन्हा काही लपवून ठेवायची माझ्यात ताकद नाही.

ता.क. ३. ॲप काढलं असं वर लिहिलंय ते खरं आहे, पण मंगळवारी काढलेलं गुरुवारी परत घेतलं होतं. आज सकाळी पुन्हा काढलं. वहीसुद्धा रद्दीवाल्याकडून एकदा परत आणली होती. आता ती हिच्या ताब्यात आहे.

ता.क. ४. विचारायचं खरं हेच होतं. सरावात मुंगीच्या बोटाला चेंडू लागला असं तिच्या संघातल्या एका मुलीच्या आईने सांगितलं. सूज उतरली का? डॉक्टरांना दाखवलं का? रविवारी ती खेळणार आहे का?

ता.क. ५. वरचं मी आत्ता पुन्हा वाचलं. शेवटचा प्रश्न बापाने विचारलाय की त्या वहीवाल्याने, हे माझं मलाच सांगता येईना. तेव्हा फोन करू नकोस. पत्रच लिही, आणि सामना झाल्यावर सोमवारी पेटीत टाक. फार दुखत असेल तरीसुद्धा सोमवारीच. तोवर मला काही कळायला नको.