चाइव्ह्जची आवणी

आये, धाकट्याने ठाण्याहून एक बी आणलं, तिथून सगळं सुरू झालं, म्हणून तिथूनच सांगते. चाइव्ह्ज म्हणतात त्याला. तो ज्या हॉटेलात स्वयंपाकाला आहे तिथे ही पात बारीक चिरून सूपवर भुरभुरतात. कांद्याच्या पातीची नाजूक बहीण समज. तू बघितली असतीस तर म्हणाली असतीस, एवढ्याशानं कोणाचं पोट भरायचं. पण बी हे नुसतं निमित्त. आपला बा आता विसरायला लागलाय. उन्हाळ्यात तो जव्हारच्या डेपोत भलत्याच एसटीत बसला आणि मोखाड्याला जाऊन उतरला. घर कुठे ते सांगता येईना. तेव्हापासून धाकट्याचा एकच धोशा: "ताई, तू दिवसभर अंगणवाडीत. बाला एकट्याला सोडायचं म्हणजे टेन्शन येतं. मी त्याला ठाण्याला नेतो." मी नाही म्हटलं. जन्मभर ओट्यावर बसून डोंगर बघितलेला माणूस चौथ्या मजल्यावर कशाकडे बघत बसेल? आम्ही भांडलो. मग त्याने बियांचं पाकीट माझ्या हातात ठेवलं. "हे परसात लाव. बाने पावसाळाभर सांभाळलं तर राहू दे इथं. नायतर मी न्यायला येतो." म्हातारा बाप म्हणजे काय परीक्षेला बसवलेलं पोर आहे, असं ओठावर आलं होतं. गिळलं, कारण दुसरा मार्ग नव्हता.

मला येतं ते तुझंच. त्या ठाण्याच्या बियालाही मी राब भाजला. वाळका पाला, शेण, वर माती रचून जाळलं, आणि राख निवल्यावर बी दाट फेकलं, नागलीचं फेकतो तसं. वर बांबू रोवून प्लास्टिक ताणलं, नाहीतर आपल्या पावसात सगळं ओढ्याला लागलं असतं. बरेच दिवस काही उगवेना, मग एकदम हिरवं वर आलं. बा रोज वाकून बघायचा, तण काढायचा, मान हलवायचा. त्याला बघून मला तुमची भाताची आवणी आठवायची. तो राबातली रोपं उपटून जुड्या बांधायचा आणि तू चिखलात लावत मागे मागे सरकायचीस. एकदा माझी ओळ वाकडी गेली तर तू सगळ्या बायांदेखत ती मला पुन्हा उपटायला लावलीस. त्याचा राग मला अजून आहे.

श्रावणात एका दुपारी घरी आले तर वाफा रिकामा. बा ओट्यावर बसलाय, इरलं अजून डोक्यावर, आणि पुढ्यात हिरव्या जुड्या. पळसाच्या सालीने बांधलेल्या, मुळं एका बाजूला. केसासारखी ती पात, पण एकही तुटलेली नाही. भाजलेल्या राबात दाट हिरवं दिसलं म्हणजे उपटून लावायचं, एवढं त्याच्या हातांना आठवत होतं. साल कोणतं, पीक कोणतं, आणि तू नाहीस, हे आठवत नव्हतं. "तुझी आय कठं गेली?" तो म्हणतो. "आवण कवाचा काढून ठेवलाय. लावाया कोण येल?" मी त्याला चहा दिला, मागे गेले आणि एकेक झुबका लावत सुटले. रडत होते, पण ओळ सरळ ठेवली.

रोपं जगली. धाकट्याने मोबाईलवर बघितली आणि खूश झाला. "पाकिटावर पण असंच लिवलेलं ताई, रोपं काढून झुबक्यानं लावा. बा एकदम ओके हाय. राहू दे तिथंच." मी हो म्हटलं. बा ओके नाही हे मला माहीत आहे. मी अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढत असते आणि डोळ्यांपुढे चूल येते, विहीर येते, रस्ता येतो. मी त्याला त्याच्यासाठी ठेवून घेतलं, की रिकाम्या घरात शिरायची मला भीती वाटते म्हणून, हे माझं मलाच कळत नाही. तू दोन शब्दांत सांगितलं असतंस, आणि मला ते आवडलं नसतं.

हा कागद कुठे धाडायचा नाही, पिठाच्या डब्याखाली राहील. म्हणून जे धाकट्याला सांगितलं नाही तेही लिहिते. रोपं लावून झाली त्या संध्याकाळी बा वाफ्यापाशी आला. ओळींवरून नजर फिरवली आणि विचारलं, "कोणी लावली?" त्याच्या तोंडावर इतकी आशा होती की मी म्हटलं, "आयनं." "तिचाच हात," तो म्हणाला, आणि त्या दिवशी पोटभर जेवला. आता रोज दिवेलागणीला ओट्यावर बसतो, रस्त्याकडे बघतो आणि विचारतो, "आवणी तर झाली. मंग ती अजून घरी कशी नाय आली?"

मी म्हणते, येईल.