लिंबाजीला वाहिलेली श्रद्धांजली

नळदुर्ग, शुक्रवार

तीर्थस्वरूप दाजी,

तुम्हाला आणि अक्काला आबारावचा नमस्कार. गुडघे कसे आहेत? अक्का गोड खाऊ देत न्हाय असं कळलं, बरंच करते. इकडं सगळं बरं आहे. बरं म्हणजे काय, छाती फुगावी असं आहे.

तुमच्याकडं साधा फोन, म्हणून तुम्हाला ठाऊक नसेल. आपल्या सगळ्या भावकीचा व्हॉट्सॲप ग्रुप मी काढला आणि ॲडमिनही मीच. (ॲडमिन म्हणजे ग्रुपचा पाटील.) उमरग्याच्या लिंबाजीशी, माझ्या चुलतभावाशी, माझा अबोला तुम्हाला माहीत आहेच. त्याच्या पोरीच्या लग्नात सगळ्यांना फेटे बांधले आणि मी एकटा बोडका राहिलो. तेव्हापासून त्याची पायरी चढलो न्हाय. पण ग्रुपवर बघा! रोज सकाळी माझं गुलाबाचं फूल त्याला, त्याचं मला. एवढा गोडवा सख्ख्या भावांत सापडायचा न्हाय.

मागच्या आठवड्यात त्याचा वाढदिवस होता. म्हटलं, आपण मोठेपणा दाखवावा. त्याचा फोटो घेतला, भोवती झेंडूचा हार बसवला, शेजारी समई ठेवली. लई देखणं झालं. (शुभेच्छा लिहायच्या तेवढ्या राहिल्या.) पहिलंच उत्तर आलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली.' मग खाली रांगच लागली. वरचा फोटो बघायला कुणाला सवड? त्या रांगेत खुद्द लिंबाजीनंही हात जोडले आणि मग बायकोला, तुळजाबाईला, विचारलं, "कोण गेलं गं?" (हे तिनंच मागाहून सांगितलं.)

मी घाईघाईनं फोटो काढून टाकला. पण दाजी, एवढ्या लोकांनी हात जोडले, त्यातला एकही उमरग्याला गेला न्हाय. निघाली ती तेरखेड्याची आपली पुतळाकाकू, कारण तिच्याकडं फोनच न्हाय. शेजारणीनं सांगितलं, तशी पहिल्या एसटीत बसली. मीही चूक निस्तरायला गेलो होतो, पण पाय पुढं पडेना, म्हणून त्याच्या गल्लीच्या तोंडाशी उभा होतो. काकू रडत आली, माझा हात धरला आणि फरफटत दारात नेलं. दार उघडलं लिंबाजीनं, डोळे चोळत.

काकूनं त्याचे गाल चाचपले. मग त्यातल्याच एकावर ठेवून दिली. "मेल्या, जिता हायस तर सांगता येत न्हाय व्हय?" मग माझ्याकडं वळली. "आणि तू रं? भावाचं दार लांबनं बघतूस?"

तिनं आम्हा दोघांना एकाच ताटावर बसवलं. तुळजाबाईनं शेंगाची पोळी केली होती. एवढ्या वर्षांचं वैर, पण वाकडा शब्द निघाला न्हाय! माझ्या एका फोटोनं हे घडवलं, हे मी इथं स्टँडवर सगळ्यांना सांगतो.

आपला,
आबाराव

ता. क. वाकडा शब्द निघाला न्हाय हे खरं. सरळही निघाला न्हाय. काकू वाढत होती आणि आम्ही दोघं पोळीकडं बघत होतो.

दुसरा ता. क. लिंबाजीनं ग्रुप सोडला. कालही उमरग्याला जाऊन आलो. 'चुकलं' एवढंच म्हणायचं होतं, सगळ्या रस्त्यानं पाठ केलं आणि कडी न वाजवताच परतलो. रविवारी तुम्ही संगं चला. नुसते शेजारी उभे राहा. बोलेन मीच.