विहीणबाई, चंद्र आणि पोळपाट

शनिवार, १२ मे १९८४
विहीणबाई पोफळीहून आल्या. माझ्या मैनेच्या पोरीचं शुक्रवारी बारसं, त्यासाठी. यांचे यजमान पावरहौसात होते, म्हणून सगळ्या कोकणाला वीज आपणच सोडतो असा बाईंचा समज. पण मी पडले मुलीची आई. निश्चय: बारशापर्यंत एक शब्द वाकडा बोलणार नाही.

संध्याकाळी. बोलले. बाळाला चांदोबा दाखवत होते. म्हटलं, माणसं तिथवर जाऊन आली, तूपण जाशील. विहीणबाई हसल्या. म्हणाल्या, कोणी गेलेलं नाही हो. स्टुडिओत काढलेले फोटो. वारा नाही तिथे झेंडा फडकतो कसा? आमच्या कॉलनीत सगळ्यांना ठाऊक आहे. मी विचारलं, कॉलनीत क्वार्टरबरोबर डोकीपण सरकारी मिळतात काय?

रविवार, १३ मे
पैज लागली. माणूस चंद्रावर गेला हे मी प्रूफ करायचं. जमलं तर पोरीचं नाव माझ्या पसंतीचं, नाही तर त्यांच्या. त्यांना हवंय कोयना. पोरगी आहे की धरण? मला हवंय काशी. माझं नाव काशी आहे म्हणून नव्हे. तीर्थाचं नाव आहे म्हणून.
पंच शेजारचे हुसेनभाई. तीस वर्षं आगबोटीच्या इंजिनात काढली, हरएक बंदरातून चंद्र बघितलाय.
मी तिसरी पास. पण सायन्स म्हणजे काय, डोळे उघडे ठेवून स्वयंपाक करणं. दोन दिवसांत निकाल लावते.

सोमवार, १४ मे
झेंड्याचा प्रयोग. हुसेनभाई म्हणाले, त्या झेंड्याला वरून आडवी दांडी होती. हे मला माहीत होतंच. बाळाच्या दुपट्यात छत्रीची काडी ओवली, काठीला बांधलं, दारंखिडक्या बंद. मुद्दा असा की काठी हलवली की कापड हलतं, त्याला वारा लागत नाही. काठी जरा जोरात हलवली. दुपटं ओलं होतं. पाण्याने नव्हे.
विहीणबाईंनी दोनदा आंघोळ केली. पण कापड हललं, हे हुसेनभाईंनी मान्य केलं.

मंगळवार, १५ मे
निश्चय: आज दुपारपर्यंत गोड बोलणार.
बाईंचा दुसरा आक्षेप, फोटोत चांदण्या का नाहीत? सोपं आहे. लख्ख उजेडात बारीक उजेड दिसत नाही. दिवेलागणीनंतर गॅसबत्ती पेटवून त्यांच्या तोंडासमोर धरली. म्हटलं, आता वर बघा, दिसते एक तरी चांदणी? बाई दिपल्या, मागे सरकल्या, चौकटीवर डोकं आपटलं. म्हणाल्या, दिसल्या, चांगल्या शंभर दिसल्या! हुसेनभाईंनी ते बाईंच्या बाजूने धरलं. मी सांगितलं, ते काजवे. ऐकेनात.

बुधवार, १६ मे
तिसरा आक्षेप. चंद्रावर गेलेल्याने हातोडा आणि पीस एकदम सोडलं आणि दोन्ही बरोबरच खाली पडली, हे कोण मानणार? मी माळ्यावर चढून नारळ आणि कोंबडीचं पीस एकदम सोडलं. नारळ पडला. पीस फिरत फिरत जाऊन विहीणबाईंच्या अंबाड्यात बसलं. हुसेनभाई म्हणाले, काशीबाय, तिथं हवा नाय, म्हणून पडतं. मग हवा काढते, त्यात काय! बरणीत पीस घातलं आणि तोंडाने हवा ओढली. बरणीत लोणच्याचा वास होता. दुपारभर खोकला.

गुरुवार, १७ मे
जिंकले! पीस पोळपाटावर ठेवून पोळपाट सपाट सोडला. पोळपाटाने हवा बाजूला सारली, दोन्ही एकदम खाली. मैना म्हणाली होती, पोळपाटावर ठेव गो आई. मलाही तेच सुचत होतं, ती आधी बोलली. हुसेनभाईंनी टाळी वाजवली. विहीणबाई म्हणाल्या, बरं बाई, गेले चंद्रावर. पोळपाट त्यांच्या अंगठ्यावर पडला होता, तरी कबूल केलं. सायन्सची ताकद!

शुक्रवार, १८ मे
बारसं थाटात. आत्येने बाळाच्या कानात सांगितलं, काशी. मी इकडेतिकडे बघितलं, सगळे बघत होते ना म्हणून.

शनिवार, १९ मे
विहीणबाई आणखी आठ दिवस राहणार. नातीचा लळा लागला म्हणे.
सकाळपासून त्यांचा आवाज घरभर. काशे, परत मुतलीस? काशे, केवढं मोठं तोंड गो तुझं, मिट जरा! काशीला अक्कल कधी येणार? आणि हे सगळं माझ्याकडे बघून. आजीला कोण म्हणणार, नातीशी बोलू नका?
मैना तर नावच घेईना. म्हणते, आईच्या नावाने कशी हाक मारू गो? ती पोरीला 'ए' म्हणते.

रविवार, २० मे
सकाळी सात. काशी ओकली, अशी विहीणबाईंनी कुंपणाच्या गडग्यावरून हुसेनभाईंना खबर दिली. हुसेनभाई धावत आले. म्हणाले, काय खाल्लंस काशीबाय?
साडेसात. विचार करून ठरवलं. नदीचं नाव काही वाईट नसतं. पोरीला आजपासून कोयना म्हणायचं. विहीणबाईंना तसं मी स्वतः जाऊन सांगितलं. दोनदा सांगावं लागलं. पहिल्यांदा ऐकूच आलं नाही म्हणाल्या.
पैज मीच जिंकली आहे.