चर कुणी बुजवले

पासली, ता. वेल्हे
२९ जुलै २०२५

प्रिय रघू,
अनेक आशीर्वाद. तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितेय. शेजारचा स्वरूप पुण्याला निघालाय, त्याच्या हाती देते. पाऊस चांगला आहे. लावणी निम्मी झाली. गाय व्याली, कालवड झाली.

धोंडाकाकू गेली.

शुक्रवारी सकाळी आम्ही बाया काकूच्या खाचरात लावणीला होतो. वरून काहीतरी फरफटत यावं तसा आवाज आला. मानसिंगभाऊ ओरडले, "पळा! डोंगर आला!" आम्ही बांधावर चढलो. काकू रोपांची जुडी उचलायला वाकली होती. तांबड्या चिखलानं तिला आमच्यासमोर गिळलं. फावडं तिला लागेल म्हणून हातांनीच उकरत होतो. उशीर झाला होता.

खाचराच्या वरच्या उतारावर, जिथं तुझ्यासारखे अनेकांचे पट्टे एकमेकांना लागून आहेत, गावानं श्रमदानानं चर खणले, तेव्हा तूही होतास. पाणी चरात अडून मुरायचं, माती जागची हलत नव्हती. खालचा झरा उन्हाळाभर वाहायचा. यंदा मे महिन्यात जेसीबीनं सगळे चर बुजवले आणि बंगल्यासाठी रस्ता कापला. विचारलं तर ड्रायव्हर म्हणाला, "मालकाला विचारा."

जमीन कुणाकडून गेली, ते काल कळलं. बंगलेवाल्याचा माणूस आला होता. म्हणाला, "आमी रीतसर घेतलीय, ताई. रघुवीर साहेबांनीच दिली. चर बुजवून द्यायचं बी त्यांनीच कबूल केलं."

कोणता रघुवीर, असं मी त्याला दोनदा विचारलं.

आज देवळात सगळे जमले. जो तो विचारत होता, जमीन कुणी विकली? आई पुढंच बसली होती. मी उभी राहिले आणि तुझं नाव सांगितलं. कुणी ओरडलं नाही, रघू. काकूची सून फुलाबाई तेवढी म्हणाली, "न्हाई गं, आपला रघू न्हाई." आई उठून घरी गेली.

उताराची माती अजून सुटी आहे, खाली सात घरं आहेत. गाव पुन्हा चर खणणार, पण तुझा पट्टा आता त्या बंगलेवाल्याचा. त्याची परवानगी लागेल. ती तू घेऊन ये. रविवारी काकूचा दहावा आहे. फुलाबाईसमोर उभा राहा. मी बाजूला असेन, पण तुझ्या वतीनं बोलणार नाही.

आईला विचारलं, "तुझ्याकडून काय लिहू?" म्हणाली, "तू तुझं लिही."

तुझी आक्का,
सुलक्षणा